आयएसओ वाढवला की पट्टे येतात? कॅमेरा परत करण्याआधी दिवा तपासा

दर पंधरा-वीस दिवसांनी एक फोन ठरलेला असतो. "काका, सेन्सर गेलाय वाटतं. आयएसओ शंभरला फोटो स्वच्छ येतो, आठशेपासून पुढे आडवे पट्टे." (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप, आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा.) मी विचारतो, टेस्ट कुठे केलीस? "घरीच, हॉलमध्ये. भिंतीवर पांढरा कागद लावला, ट्रायपॉड लावला, सगळं नीट केलंय." आणि दिवा कुठला होता? इथे पलीकडे दोन सेकंद शांतता.

परवाचा मुलगा वाकडचा. सेकंडहँड मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घेतलेला, विकणारा हात वर करून मोकळा झालेला, आणि मेसेजवर दोघांची जुंपलेली. त्याला म्हटलं, कॅमेरा आण, आणि ज्या बल्बखाली टेस्ट केलीस तो बल्बही काढून आण. त्याला ती चेष्टा वाटली. पण आला, बल्ब रुमालात गुंडाळून.

माझी खोली नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आहे. जुना कॅमेरा घेण्याआधी लोक इथे तपासून नेतात. यंत्रं फारशी नाहीत. एक दणकट ट्रायपॉड, ग्रे कार्ड (एकसारख्या करड्या रंगाचा पुठ्ठा), चोवीस चौकटींचा रंगतक्ता, काळं कापड, मल्टिमीटर आणि चार प्रकारचे दिवे. त्याचा नऊ वॉटचा बल्ब होल्डरला लावला, समोर पांढरा ड्रॉइंग पेपर. कॅमेरा अपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं भोक, म्हणजे अपर्चर, आपण ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो), अपर्चर एफ ५.६, सायलेंट शटर (पडदे न हलवता फोटो घेणारं) चालू, म्हणजे त्याने घरी जसं केलं होतं अगदी तसंच. आयएसओ १०० ला शटर १/२५ सेकंद, फोटो स्वच्छ. २०० ला १/५०, स्वच्छ. ४०० ला १/१००, स्वच्छ. ८०० ला १/२००, आणि आले पट्टे. १६०० ला १/४००, पट्टे आणखी गडद. मुलगा माझ्याकडे ‘सांगितलं नव्हतं?’ अशा नजरेने बघत होता.

मग बल्ब बंद केला आणि बॅटरीवर चालणारं व्हिडिओचं एलईडी पॅनल पूर्ण उजेडावर लावलं. तोच कॅमेरा, तोच कागद, आयएसओ ८००. एक पट्टा नाही. ६४०० पर्यंत नेलं. दाणे वाढले, पट्टे नाहीतच.

कारण असं. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. प्रवाह सेकंदाला पन्नास फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा शिखर गाठतो, एकदा या दिशेने, एकदा त्या. स्वस्त एलईडी बल्बमधला ड्रायव्हर हा चढउतार नीट गाळत नाही, त्यामुळे बल्ब सेकंदाला शंभर वेळा तेज-मंद होत राहतो. डोळ्याला हे कळत नाही, शटरला कळतं. एक लुकलुक १० मिलिसेकंदांची. शटर १/१०० असेल तर बरोबर एक पूर्ण लुकलुक आत येते, १/५० ला दोन, १/२५ ला चार, आणि सेन्सरच्या प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. १/२०० म्हणजे ५ मिलिसेकंद, अर्धीच लुकलुक. काही ओळींच्या वाट्याला तेज अर्धी येते, काहींच्या वाट्याला मंद. सायलेंट शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून हा फरक आडव्या पट्ट्यांसारखा दिसतो.

आयएसओचा यात काडीचा संबंध नाही. आयएसओ वाढवला म्हणून कॅमेऱ्याने शटर वेगवान केलं, आणि ते १/१०० च्या पलीकडे गेलं, एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी, तो हा प्रकार.

अमेरिकेतली यूट्यूबवाली मंडळी १/६० आणि १/१२५ सुरक्षित म्हणून सांगतात. तिथे ६० हर्ट्झ आहे, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. आपण ते ऐकून पुण्यात १/१२५ वर टेस्ट करतो आणि दर फ्रेमला उजेड किंचित वेगळा आला की मीटरिंगला, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्याला, नावं ठेवतो. इथे आकडे लक्षात ठेवायचे ते १/१००, १/५०, १/२५.

टोपण लावून फोटो

मग खरंच सेन्सर बिघडलेला असेल तर? तेही कळतं, पाच मिनिटांत. लेन्सवर टोपण लावा, डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरही काळ्या कापडाने झाका. शटर १/२००, आयएसओ ६४००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली). उजेडच नाही म्हटल्यावर लुकलुकीचा प्रश्न मिटला. अशा चार-पाच फ्रेम काढा, संगणकावर उघडा आणि एक्स्पोजर चार स्टॉप वर ओढा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). इथेही ठळक रेषा दिसल्या, आणि सगळ्या फ्रेममध्ये त्याच जागी दिसल्या, तर ती सेन्सरची भानगड. मग विकणाऱ्याला खुशाल फोन करा. दिव्याचे पट्टे टोपणाखाली येऊच शकत नाहीत, आणि उघड्या लेन्सवर आले तरी दर फ्रेमला जागा बदलतात. एक मात्र सांगून ठेवतो. एवढं वर ओढल्यावर बहुतेक सेन्सर काही ना काही पोत दाखवतातच. शंभर टक्के झूम करून, नाक स्क्रीनला टेकवून शोधलेल्या रेषेवरून भांडू नका.

वाकडच्या मुलाच्या फ्रेम टोपणाखाली स्वच्छ निघाल्या. तिथेच प्रकरण संपलं होतं, पण तो बसला आणि मीही चहा सांगितला.

पट्टे मोजून मिळतं काय

हा भाग माझा आवडता, म्हणून जरा रेंगाळतो. त्याच बल्बखाली, सायलेंट शटरवर, १/२००० ने पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या, कागद सगळी चौकट भरेल असा. आता वरून खाली गडद पट्टे मोजा. त्याच्या कॅमेऱ्यात पाच आले. एक पट्टा म्हणजे एक लुकलुक, म्हणजे १० मिलिसेकंद. पाच पट्टे म्हणजे सेन्सर वरून खाली वाचायला ५० मिलिसेकंद लागतात, सेकंदाचा विसावा भाग. हा आकडा माहितीपुस्तिकेत सहसा छापलेला नसतो. ज्या बल्बाला आपण शिव्या घालत होतो त्यानेच तो फुकटात सांगितला. पळत्या माणसाचा किंवा पंख्याचा फोटो सायलेंट शटरवर वाकडातिकडा का येतो, तेही यातूनच समजतं.

एकदा हा आकडा हाती आला की उलटा हिशेबही जमतो. काही एलईडी पॅनलचा उजेड कमी केला की ती आतून भराभर चालू-बंद होऊ लागतात. तेव्हा पट्टे जाड नसतात, बारीक कंगव्यासारखे दिसतात. याच कॅमेऱ्यात असे साठ पट्टे मोजले, तर ५० मिलिसेकंदांत साठ, म्हणजे सेकंदाला १२०० वेळा. म्हणून टेस्टसाठी दिव्याचा डिमर वापरू नये. पूर्ण उजेडावर ठेवा आणि दिवाच लांब न्या. एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की, भिंतींवरून येणारा उजेड सोडला तर, प्रकाश चौथाई होतो. दोन स्टॉप.

मेकॅनिकल शटरवर चित्र वेगळं दिसतं आणि म्हणून जास्त फसवतं. शटरचे पडदे सेन्सरवरून चार-पाच मिलिसेकंदांत पार होतात, एका लुकलुकीच्या आतच. त्यामुळे पट्ट्यांची रांग येत नाही. एखादी फ्रेम सगळीच काळवंडते, एखादीची फक्त एक बाजू. लोक याला ‘शटर अडकतंय’ म्हणतात. १/४०० वर सलग दहा फ्रेमचा बर्स्ट घ्या आणि छोटी चित्रं शेजारी शेजारी मांडून बघा. उजेड खालीवर हेलकावे खात असेल तर आधी बॅटरीचा दिवा लावून परत बघा, मगच शटरचं नाव घ्या. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं. कॅमेरा लुकलुक ओळखून तेज क्षणीच शटर सोडतो. लग्नाच्या हॉलमध्ये ते छान आहे. टेस्टमध्ये बंद ठेवा, नाहीतर तुम्ही काय मोजताय तेच कळणार नाही.

बल्ब विकत घेताना

पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलात तर काउंटरवर बल्ब लावून दाखवायला सांगा आणि फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, पाच सेकंद शूट करा. खराब बल्ब धडधडताना दिसतो, चांगला स्थिर दिसतो. मी असे सहा बल्ब लावायला लावले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "घ्यायचाय की शूटिंग करायचंय?" दोन्ही, म्हटलं. त्यातले दोनच पास झाले आणि ते सगळ्यात महाग नव्हते. खोक्यावरच्या नावावरून काही ठरत नाही, एकाच खोक्यातले दोन बल्बही वेगळे वागतात.

जुनी चोकवाली ट्यूब असेल तर तिचं नावच काढू नका. तिच्यात उजेडाबरोबर रंगही हेलकावतो, एक पट्टा पिवळट तर पुढचा निळसर. इलेक्ट्रॉनिक चोकवाल्या ट्यूबला हा त्रास होत नाही, ती फार वरच्या वारंवारतेवर चालते. आणि अगदीच खर्च नको असेल तर बारा व्होल्टची एलईडी पट्टी बॅटरीवर लावा. बॅटरीत हेलकावे येणार कुठून? नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, बघायला तेवढं पुरतं. रंग तपासायला मात्र स्वस्त पट्टी चालत नाही. तिच्यात लाल कमी असतो, त्वचा आजारी दिसते आणि मग सगळे कॅमेऱ्याच्या ‘कलर सायन्स’वर प्रवचन देतात.

आयएसओची मालिका उलटीकडून

बल्ब बदलायचाच नसेल तरी मार्ग आहे. लोक सुरुवात आयएसओ १०० पासून करतात, भरपूर उजेडात, आणि वर जाताना शटर पळत सुटतं. उलटं करा. आधी सगळ्यात वरचा आयएसओ घ्या, समजा ६४००, शटर १/१०० ला बांधा, आणि एक्स्पोजर बरोबर येईपर्यंत दिवा लांब न्या किंवा तोंड फिरवा. आता खाली उतरा. ३२०० ला १/५०, १६०० ला १/२५, ८०० ला १/१३, ४०० ला १/६, २०० ला ०.३ सेकंद, १०० ला ०.६ सेकंद. एकदाही १/१०० च्या वर जायचं नाही. १/१३ किंवा १/६ मध्ये लुकलुकी पूर्ण संख्येत बसत नाहीत हे खरं, पण उरलेला तुकडा बाकीच्यांत विरून जातो. अपर्चर सगळीकडे एकच. मोड मॅन्युअल. ट्रायपॉडवर आहात म्हणून स्टॅबिलायझर बंद.

खोलीत अंधुक वाटेल. वाटू द्या, लोक आयएसओ ६४०० वापरतात ते अशाच उजेडात.

पट्टे गेले, पण आकडे जुळत नाहीत

पट्ट्यांपेक्षा हे जास्त छळतं, कारण दिसत काहीच नाही. सकाळी केलेली टेस्ट आणि संध्याकाळी केलेली टेस्ट, तोच कॅमेरा, तेच सेटिंग, आणि निकाल वेगळा.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. पूर्वी माझ्याकडे ५०० वॉटचा हॅलोजन होता, मांडवात लावतात तसला. त्याची तार जाड, तापलेली, त्यामुळे लुकलुक नगण्य. मी खूश. एका गृहस्थांचा कॅमेरा दुपारी तपासला तेव्हा ठीक, खात्री करायला रात्री आठला परत तपासला तर उजेड पाव स्टॉप कमी. मी छातीठोकपणे सांगितलं, शटर चुकतंय. त्यांनी तो दुरुस्तीला टाकला, तपासणीचे पैसे भरले, आणि ‘शटर बरोबर आहे’ असा शेरा घेऊन परत आले. पैसे मी दिले. मग मल्टिमीटर लावला. दुपारी २२९ व्होल्ट, रात्री २१७. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज पाच टक्के पडलं की उजेड सोळा-सतरा टक्के पडतो, आणि रंगही पिवळ्याकडे झुकतो. पाव स्टॉपचा हिशेब तंतोतंत जुळला. तेव्हापासून हॅलोजन माळ्यावर आहे.

एलईडीला व्होल्टेजचा एवढा फरक पडत नाही, पण तापण्याचा पडतो. लावल्या लावल्या तो जास्त उजेड देतो आणि गरम होईपर्यंत हळूहळू उतरतो. म्हणून दिवा लावायचा आणि अर्धा तास दुसरं काम करायचं. मध्ये बंद केला तर परत तेवढंच थांबायचं.

आणि हे फरक फोटोत किती लपतात बघा. अठरा टक्के (म्हणजे पडलेल्या उजेडाचा अठरा टक्के परत फेकणारं) ग्रे कार्ड नेहमीच्या एसआरजीबीत, फोटोच्या ० ते २५५ च्या मापात, ११८ ला बसतं. उजेड दहा टक्के वाढवला तर ते होतं १२३. पाचच आकडे. जेपीईजी डोळ्यांनी बघून ‘उजेड तोच आहे’ म्हणणारा माणूस दहा टक्के सहज गिळून जातो. वर कॅमेऱ्यातली सावल्या स्वतःहून उजळणारी सेटिंग चालू असली, तर काही पत्ताच लागत नाही. तुलना रॉ फाइलवर करा, किंवा निदान ती सगळी सेटिंग बंद करा. व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून होणारी रंगाची जुळवणी) ऑटोवर ठेवू नका, केल्विनचा एक आकडा घालून बांधून टाका.

दर टेस्टच्या आधी आणि नंतर मी दोन फ्रेम काढतो. एक ग्रे कार्डची. दोन्ही वेळचा आकडा जुळला नाही तर मधलं सगळं रद्द. दुसरी अंधाराची. दिवे बंद, बाकी काही हलवायचं नाही, तेच शटर, तेच अपर्चर, मालिकेतला सगळ्यात वरचा आयएसओ. ती काळीकुट्ट यायला हवी. नाही आली तर खोलीत दुसरा उजेड शिरतोय. पावसाळ्यात तर ढग मिनिटामिनिटाला बदलतात. पडदा लावला म्हणून निर्धास्त राहू नका, पडद्याच्या वरच्या फटीतून छतावर आणि छतावरून कार्डवर, असा तो येतो.

रंगाचं म्हणाल तर सगळ्यात मोठा गुन्हेगार भिंत. माझ्या खोलीला घरमालकाने आवडीने पिस्ता रंग दिलाय, आणि दोन वर्षं मी तपासलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात हिरवट झाक होती. प्रत्येक कॅमेऱ्यात म्हटल्यावर तरी कळायला हवं होतं. आता दोन्ही बाजूंना काळं कापड सोडतो. एकदा कापडही होतं आणि तरी ग्रे कार्डात लाल वर चढलेला. बराच वेळ शोधलं, शेवटी बघितलं तर मी नारिंगी टी-शर्ट घालून कार्डाशेजारी उभा. टेस्टच्या दिवशी काळा शर्ट.

कोपरे काळे येत असतील तर लेन्सला दोष देण्याआधी कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा लावा, वरची बाजू खाली, आणि त्याच कार्डचा परत फोटो घ्या. काळेपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर लेन्सचा. समोरच्या कोपऱ्यात गेला तर दिवा एका बाजूला कमी पडतोय. दोन दिवे, दोन बाजूंना, पंचेचाळीस अंशांवर, सारख्या अंतरावर. त्याहून समोर आणले की चकचकीत तक्त्यावर उजेडाचा डाग पडतो.

धूसरपणावर थोडक्यात. माझी जमीन लाकडी आहे, कोणी जिना चढलं तरी ट्रायपॉड हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावून मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो. आणि एफ ८ ला उजेडात तीन-चार टक्क्यांचा फरक दर फ्रेमला दिसला तर तो अपर्चरच्या पात्यांचा असू शकतो, ती दर वेळी अगदी तेवढीच मिटतात असं नाही. पूर्ण उघड्या अपर्चरवर फरक गेला, की समजायचं.

वाकडचा मुलगा कॅमेरा ठेवून घ्यायचं ठरवून गेला. बल्ब माझ्याकडेच राहिला, पट्टे मोजायला उपयोगी आहे. काल रात्री त्याने स्वतः केलेल्या टेस्टच्या फाइली पाठवल्या. मालिका उलटीकडून, पट्टे गायब, ग्रे कार्ड आधी-नंतर जुळलेलं. फक्त अंधाराच्या फ्रेममध्ये उजवीकडे निळसर उजेड होता आणि तो कुठून येतोय ते त्याला सापडत नव्हतं. खोलीचा एक फोटो पाठव म्हटलं. कार्डाशेजारी टेबलावर लॅपटॉप उघडा होता, आणि त्यावर तो त्याच टेस्टचे आकडे बघत होता. लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे फिरवून परत फ्रेम काढ, असं कळवलंय.